होपींची खोल पेरणी मुरबाडच्या खाचरात चालेल का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. मुलुंडमधली बारा कुटुंबं आणि ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब असा गट आहे. एक एकर भातखाचर. जूनला भात लागतो, कापणीनंतर मेपर्यंत जमीन पडीक. विहीर नाही आणि बोअर मारायचं नाही हे ठरलेलं आहे. माल आठवड्यातून एकदा मुलुंडला विकला जातो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या होपी लोकांच्या शेतीबद्दल वाचतोय. वर्षाला २००-२५० मिलीमीटर पाऊस, त्यातही काही बर्फाच्या रूपात, तरी पाटाच्या पाण्याशिवाय मका, घेवडे, भोपळे, कलिंगडं घेतात. शेकडो वर्षं हे चालू आहे. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. बी फूट-दीड फूट खोल टाकतात म्हणे. ते नेमकं कसं करतात, आणि आपला मका तसा टाकला तर?
२. त्यांच्या निळ्या मक्याचं बी ऑनलाइन दिसतं. मागवावं का?
३. बियाणं आणि खाणं दोन्ही त्यांनी कसं धरून ठेवलं? आमच्याकडे 'देशी' या एका शब्दावर गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं, दुसऱ्यांदा येत नाही.

वाफसा

पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण बहुतेक लोक तो फूट-दीड फुटाचा आकडा उचलतात आणि तिथेच फसतात.

खोलीचा आकडा होपी शेतकऱ्यासाठी ठरलेला नसतो. ओल जिथे हाताला लागते तिथे बी जातं. कुठे सहा इंचांवर लागते, कुठे दीड फुटावर. आधी त्यांची जमीन डोळ्यांपुढे आणा. ब्लॅक मेसा या पठाराच्या दक्षिण टोकाला त्यांची गावं आहेत, उंची साधारण १,७०० ते २,००० मीटर. हिवाळ्यातलं बर्फ हळूहळू वितळतं आणि वाळूत जागच्या जागी मुरतं. वाळूखाली बऱ्याच ठिकाणी चिकण थर असतो, तो पाणी अडवून धरतो. वसंतात वारा सुटला की वरची चार-सहा बोटं वाळू खडखडीत वाळते, आणि एकदा वाळली की खालची ओल तिच्यातून वर चढू शकत नाही. ती कोरडी वाळूच त्यांचं आच्छादन. काही शेतं ओढ्याच्या तोंडाशी असतात, जिथे पावसाळी लोंढा फाकतो. तिथे पाण्याबरोबर गाळ येतो, म्हणून वेगळं खत लागत नाही.

पेरणी एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. वरची कोरडी वाळू हाताने किंवा पायाने बाजूला सारायची, ओलसर गडद वाळू दिसेपर्यंत. मग काठीने (आता बहुतेक लोखंडी, आपली छोटी पहारच समजा) खड्डा करायचा. तळाशी १० ते २० दाणे. त्यावर आधी ओली वाळू, हलकी दाबून. सगळ्यात वर कोरडी वाळू मोकळी सोडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही. ही शेवटची पायरी लोक गाळतात. वरचा थर दाबला गेला की तो खालच्या थराला चिकटतो आणि ओल वर ओढून घेतो.

दोन खड्ड्यांत दोन ते तीन मीटर अंतर. पुढच्या वर्षीचा खड्डा मागच्या वर्षीच्या दोन धसकटांच्या मध्ये. जुनी धसकटं उपटत नाहीत, त्यांनी वाळू धरली जाते आणि खूणही राहते. एका जागी एवढे दाणे टाकतात कारण काही कावळे नेतात, काही उंदीर, काही अळी बुंध्याशी कातरते, आणि उरलेल्या रोपांचा झुबका बाहेरच्या पानांवर वाळूचा मारा घेऊन आतल्या रोपांना वाचवतो. नंतर विरळणी करून चार-पाच ठेवतात. कोवळ्या रोपांना आडोसा म्हणून झुडपांच्या फांद्या किंवा तळ काढलेले पत्र्याचे डबे लावतात. तण मात्र अजिबात खपवून घेत नाहीत, कारण तिथे तण म्हणजे थेट पाण्याची चोरी.

हिशेब करून बघा. अडीच मीटरवर खड्डा धरला तर हेक्टरी १,६०० झुबके, प्रत्येकी चार रोपं म्हणजे ६,४००. आपल्याकडे मका ७५ बाय २० सेंटिमीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी ६६ हजारांच्या पुढे. दहापट फरक. होपींचं एक रोप दहा रोपांची जमीन पितं, तेव्हा कणीस धरतं. खोलीबद्दल सगळे लिहितात, या विरळपणाबद्दल फार कमी.

आता बियाण्याकडे वळू. जी. एन. कॉलिन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ साली होपी मक्याच्या रोपांवर लेख लिहिला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. दाणा आणि जमिनीची पातळी यांच्यामधला पांढरा दांडा, शास्त्रात मेसोकोटिल म्हणतात तो, या मक्यात विलक्षण लांब वाढतो. आणि सुरुवातीला मुळांचा पसारा न करता एकच जाड मूळ सरळ खाली उतरतं. हे गुण खोल पेरून, जे उगवलं त्याचंच बी ठेवून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून पक्के झालेले आहेत. आपल्या बाजारातल्या मक्याचा दांडा साधारण १० सेंटिमीटरच्या पुढे कोंबाला वर पोचवू शकत नाही. मग कोंबावरचं टोकदार आवरण मातीतच फाटतं आणि पानं जमिनीखाली उलगडतात, पिवळी, गुंडाळलेली, सुरकुतलेली. वरून बघणारा म्हणतो "बी खराब होतं". बी चांगलंच असतं, त्याला जिना लांब पडला.

खात्री करायची असेल तर मुलुंडच्या बाल्कनीत होईल. चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड फुटाचे पाच तुकडे, तळाला जाळी. धुतलेली वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, एवढी ओली करा. ५, १०, १५, २०, २५ सेंटिमीटर खोलीवर प्रत्येकी दहा दाणे. वरची दोन बोटं कोरडी वाळू. १५ दिवसांनी काय वर आलं ते मोजा आणि जे आलं नाही ते उकरून बघा. फाटलेला कोंब आणि कुजलेला दाणा यांतला फरक एकदा दिसला की जन्मभर लक्षात राहतो.

आणि खाचरात? जूनमध्ये तर विषयच नको. मुरबाडला पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, फूटभर खड्डा म्हणजे डबकं. नोव्हेंबरातही खोल पेरू नका. चिखलणीने (लावणीआधी पाण्यात माती घोळवल्याने) मातीचे कण बसलेले असतात, नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार झालेला असतो, खाली हवा नसते. वाळूत दाणा फूटभर खाली श्वास घेतो, खाचरात कुजतो.

त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं आहे. ओल कुठल्या थरात आहे ते बघणं, तिच्यावर कोरडा मोकळा थर राखणं, आणि ओलीला पुरतील एवढीच झाडं ठेवणं. हे आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. सोलापूर-मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी बघा. मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर पेरणी, पुढे पाऊस आला तर आला. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं (ओळींमधली वरची माती मोकळी करणारं अवजार), पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटची कोळपणी भेगा बुजवायला. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जिरायतदार म्हणतो तेव्हा तो होपींच्या कोरड्या वाळूचंच तत्त्व सांगत असतो.

मुलुंड_पूर्व

वाफसा, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. पाइपचा प्रयोग या रविवारीच लावतो. मग आमच्या खाचरात मक्याऐवजी काय? आणि आमचा भात गरवा (उशिरा तयार होणारा) आहे, कापणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते, हेही सांगायला हवं होतं.

वाफसा

वाल. कडवे वाल. ठाणे-रायगडात भातामागे ओलीवर येणारं हे पीक आहे, थंडीतलं दव त्याला मानवतं. पण गरव्या भातामागे त्याची ओल निम्मी गेलेली असते. निदान अर्ध्या खाचरात पुढच्या वर्षी हळवा (लवकर येणारा) किंवा निमगरवा (मध्यम मुदतीचा) भात लावा, म्हणजे जमीन ऑक्टोबरात मोकळी होईल. वालाचं नशीब जूनमध्ये भाताची जात निवडताना ठरतं.

वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य एवढीच मातीतली ओल, कसा ओळखायचा: १०-१५ सेंटिमीटर खालची मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून चपटा झाला तर अजून ओली आहे, नांगर घातला की ढेकळं पडतील आणि ती मेपर्यंत फुटणार नाहीत. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. पडल्यावर चार-पाच तुकडे झाले तर त्याच दिवशी काम. एक उभी-आडवी उथळ नांगरट, लगेच पाठोपाठ फळी (रान सपाट करणारं लाकूड). फळी दुसऱ्या दिवसावर टाकलीत तर रात्रीत आणि सकाळच्या उन्हात ओल गेलीच.

टोकण (हाताने एकेका जागी दाणे टाकणं) ३० बाय १५ सेंटिमीटरवर. वरची माती सुकली असेल तर ओळीत तीन-चार सेंटिमीटर कोरडी माती बाजूला सारा, ओलीत ४-५ सेंटिमीटर खोल दोन दाणे टाका, ओल्या मातीने झाका, वरून कोरडी भुरभुरीत माती. हीच होपींची रीत, खाचराच्या मापात. बी भिजवून पेरायचा मोह होतो, पण कमी ओलीत भिजवलेलं बी घातक: मोड बाहेर येतो आणि तिथेच वाळतो. रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर नत्र बांधणारे जिवाणू) लावायचं तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून, त्याच दिवशी पेरायचं. तीन आठवड्यांनी एक हलकी कोळपणी. पानांखाली मावा दिसला की शेंडे खुडा. फुलोऱ्यानंतर शेंगा पोखरणारी अळी येते, तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा सकाळी फेरी हवी.

पेंढ्याचं आच्छादन घालायचं तर पातळ घाला आणि बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवा. जाड थराखाली वाळवी लागते.

बांधावरून

वरचं सगळं बरोबर आहे, पण या पिकाचा खरा शत्रू अजून कुणी लिहिलाच नाही. भात कापला की गावात गुरं मोकळी सुटतात. आजूबाजूला शंभर एकर पडीक आणि मध्ये तुमचा एक एकर हिरवागार वाल, म्हणजे डिसेंबरात एका रात्रीत सपाट. भातानंतर वाल घेणारी गावंच्या गावं होती तेव्हा सगळे मिळून घ्यायचे, गुरं राखायला गुराखी असायचा. एक-एक घर नोकरीला गेलं, गुराखी गेला, आणि उरलेल्याला एकट्याला परवडेना. वाल गेला तो ओलीअभावी नव्हे.

एक एकर चौरस धरला तर २५० मीटरच्या वर कुंपण लागतं. बाभूळ-बोरीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण करायला चार माणसं तीन-चार दिवस लागतात, आणि ते एक हंगाम टिकतं. त्यापेक्षा लगतच्या तीन-चार खाचरांच्या मालकांशी सप्टेंबरातच बोला. त्यांना वालाचं बी द्या, शेंगांचा भाव आधी ठरवा, आणि गुरं राखणाऱ्याची मजुरी सगळ्यांत वाटून घ्या. सलग चार-पाच एकर झाले की कुंपण निम्म्या खर्चात आणि राखण शक्य.

होपींची गोष्टही इथे बघण्यासारखी आहे. त्यांची शेतं कुळांची असतात आणि कूळ आईकडून चालतं. पुरुष पेरतात, राखतात, कापतात. कणसं घरात आली की ती घरातल्या बाईची, बियाणंही तिच्या ताब्यात. अमेरिकन सरकारने या सामाईक जमिनीचे व्यक्तिगत तुकडे पाडायचा आणि मुलांना सक्तीने शाळेत घालायचा घाट घातला, त्याला विरोध केला म्हणून १८९५ साली १९ होपी पुरुषांना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटावरच्या तुरुंगात कित्येक महिने डांबलं होतं. जमीन कुणी आणि कशी राखायची हा त्यांच्याकडे पेरणीइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

कणगी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मागवू नका. दोन कारणं.

कायद्याचं कारण. परदेशातून बी आणायला प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ नुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात टपालाने आलेलं बी जप्त होऊन नष्ट होऊ शकतं, आणि व्हायलाच हवं. बियाण्यावर बुरशी, विषाणू, किडीची अंडी येतात, आणि आपल्याकडे मक्याला अमेरिकन लष्करी अळीचा उपद्रव आधीच पुरेसा आहे. ती कीड २०१८ साली भारतात पहिल्यांदा दिसली आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रभर होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते बी कुणाच्या तरी घरातलं आहे. निळा, पांढरा, तांबडा, पिवळा, जांभळा, प्रत्येक मक्याला त्यांच्या विधींत, लग्नात, बारशात जागा आहे. होपी लोक स्वतःच त्याच्या जतनाचं काम करतात. होपी फाउंडेशनची नतवानी कोअलिशन ही शेती आणि अन्नावर काम करणारी शाखा आहे. अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉनमध्ये १९८३ साली सुरू झालेली नेटिव्ह सीड्स सर्च ही बीजपेढी त्या भागातली जुनी वाणं सांभाळते. मायकल कोतुत्वा जॉन्सन हे होपी शेतकरी आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठातले संशोधक या कोरडवाहू शेतीवर लिहितात. त्यांचं वाचा. बी त्यांच्याकडेच राहू दे.

आणि मक्याचं बी राखणं हे नवख्या गटाचं काम नाही. मका वाऱ्यावर फळतो. शेजारच्या संकरित मक्याचे परागकण यायला नको असतील तर चारही बाजूंनी २०० मीटर तरी अंतर लागतं, ४०० असेल तर उत्तम. बी निवडायला निदान शंभर कणसं हवीत, तीही शेताच्या मधल्या भागातली. चार-पाच सुंदर कणसांवरून बी ठेवलं तर तीन-चार पिढ्यांत झाडं खुजी आणि कणसं अर्धी भरलेली दिसू लागतात. रंगीत मक्यात एक सोय मात्र आहे: भेसळ बऱ्याचदा त्याच वर्षी दाण्याच्या रंगात दिसते. पांढऱ्या कणसात निळा दाणा आला म्हणजे शेजारून पराग आला.

त्याउलट भात, नाचणी, वाल ही बहुतांश स्वतःच फळणारी पिकं. भाताला तीन मीटर अंतर पुरतं. वालावर मधमाश्या फिरतात म्हणून थोडं जास्त ठेवा, आणि निदान ४०-५० झाडांवरून बी घ्या. निवड शेतात उभ्या पिकातून करायची, खळ्यावर नव्हे. खळ्यावर दाणा दिसतो, झाड दिसत नाही. जानेवारीत शेंगा भरताना निरोगी, मावा न लागलेल्या, लवकर धरलेल्या झाडांना रंगीत चिंधी बांधा. त्या झाडांच्या शेंगा पोपटीला (मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला) द्यायच्या नाहीत, कितीही मागणी आली तरी. जागेवर पूर्ण वाळू द्या.

साठवण मुंबईत करणार असाल तर हा भाग नीट वाचा. दाणा दाताखाली टचकन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओलसर आहे. आणखी एक परीक्षा: कोरड्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि मूठभर बी घालून दोन-तीन मिनिटं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बियाण्यात १५ टक्क्यांच्या वर ओलावा आहे, परत उन्हात. ऊन सकाळचं द्या, बारानंतर पत्र्यावर घालू नका. वाळवल्यावर रात्रभर थंड होऊ द्या, गरम बी बंद केलं की डब्यात आतून घाम येतो.

वालाला भुंगेरा शेतातूनच येतो, दाण्यावर अंडं घालून. गावात ठेवायचं तर चाळलेली लाकडाची राख: मापाने चार भाग बी, तीन भाग राख, आणि वरून तीन सेंटिमीटर निव्वळ राखेचा थर. लोक चिमूटभर राख चोळतात आणि कीड लागली की राखेला दोष देतात. राखेने दाण्यांमधल्या सगळ्या फटी बुजल्या पाहिजेत, तरच भुंगेरा हलू शकत नाही. मुंबईत ठेवायचं तर पूर्ण वाळलेलं बी काचेच्या बरणीत घट्ट बंद करून आठ दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तपमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी बसतं आणि सगळी मेहनत वाया. ओलसर बी फ्रीझरमध्ये गेलं तर अंकुरच मरतो, म्हणून आधी मिठाची परीक्षा.

बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तपमान पाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. मुंबईच्या जुलैमध्ये उघड्या डब्यातलं बी नेमकं उलट्या दिशेने जातं.

एकाच घरात सगळं बी ठेवू नका. तीन घरं, शक्यतो तीन गावं. होपी घरांत खाण्याचा मका वर्ष-दोन वर्षं पुरेल एवढा साठवायची रीत आहे, कारण दुष्काळात एक हंगाम पूर्ण बुडतो हे धरूनच ते चालतात. आपणही बियाण्याचा एक हंगामाचा साठा न पेरता मागे ठेवावा.

जुनी वाणं हवीत तर अ‍ॅरिझोनापेक्षा अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले जवळ आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० सालच्या पद्मश्री, यांची बीजबँक बायफ संस्थेच्या साथीने उभी राहिली. तिथे वालाचेच किती प्रकार आहेत ते बघा. आणि कायद्याची एक गोष्ट: २००१ सालच्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायची, पेरायची, देवघेव करायची, विकायचीही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकायचं नाही, एवढीच अट. तुमच्या शहरी गटाने पाकिटं करून बियाणं विकणं मात्र वेगळं, त्याला विक्रीचा परवाना लागतो. तेव्हा बी शेतकरी कुटुंबाच्या नावे देवघेवीत ठेवा. एक पायली नेली तर हंगामानंतर दोन परत, एवढा साधा नियम पुरतो.

पाटावरवंटा

तिसऱ्या प्रश्नाचं स्वयंपाकघराच्या बाजूने सांगते.

होपींचा निळा मका टिकला कारण त्याच्याशिवाय त्यांची नेहमीची पिकी होत नाही. पिकी म्हणजे निळ्या मक्याच्या पिठाची कागदासारखी पातळ, गुंडाळलेली भाकरी. आपल्या मांड्याची आठवण यावी अशी, पण गोड नाही आणि लाटायचीही नाही. पीठ उकळत्या पाण्यात कालवतात, त्यात एका खारट झुडपाच्या राखेचं गाळलेलं पाणी घालतात. पातळ पीठ हातानेच तापलेल्या गुळगुळीत दगडावर एका फटकाऱ्यात सारवतात, क्षणात कड सुटते, उचलायची, गुंडाळायची. राख दोन कामं करते. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते राखेच्या अल्कलीने मोकळं होतं. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा हा आजार होतो तो याच्या अभावाने. आणि रंग: राख घातली की निळा खुलतो, आंबट काही पडलं तर तेच पीठ गुलाबी होतं. रंग बघूनच राख पुरे झाली का ते कळतं.

ज्यांना पांढऱ्या देशी मक्यावर करून बघायचं असेल त्यांच्यासाठी: एक किलो वाळका मका, तीन लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना. अर्धा-पाऊण तास उकळा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी तीन पाण्यांत चोळून धुवा. साल सुटते. ओलाच वाटा, भाकरी मोडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, चुना ते खातो. स्टील घ्या. चुना जास्त झाला तर भाकरीला साबणाची चव येते.

आता तुमचं दुसऱ्यांदा न येणारं गिऱ्हाईक. मुंबईत वालाला गिऱ्हाईक तयार करावं लागत नाही, ते आहेच. बिरडं, डाळिंब्यांची उसळ, वालाची खिचडी करणारी घरं गिरगाव, दादर, मुलुंड, ठाण्यात आहेत. त्यांच्याकडे नाही तो वेळ. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला, यात दोन दिवस जातात. म्हणून कोरडे वाल विकण्याबरोबर सोललेल्या डाळिंब्या विका.

१० ते १२ तास भिजवायचे, मध्ये एकदा पाणी बदलून. ते पाणी टाकून द्यायचं, थोडा कडवटपणा त्यातच जातो. मग पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांधायचे. मुंबईत डिसेंबरात १८ तास लागतात, मे महिन्यात दहा-बारा तासांत मोड येतो. घट्ट बांधले किंवा निथळले नाहीत तर मधले दाणे बुळबुळीत होतात आणि वास सुटतो. तो वास आला की धुऊन परत विकायचा विचार करू नका. मोड आलेले वाल पाच मिनिटं कोमट पाण्यात टाकले की साल चिमटीत सुटते. पाणी गरम घेतलं तर डाळिंबी दुभंगते, आणि बिरड्यात ती अख्खी राहायला हवी. एक किलो कोरड्या वालाच्या पावणेदोन ते दोन किलो डाळिंब्या धरा. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही. म्हणून आधी मागणी घ्या, मग भिजवा.

यात बियाण्याचंही काम होतं, ते कणगींनी लिहिलेल्याला जोडून सांगते. प्रत्येक खेपेला शंभर दाणे मोजून वेगळ्या फडक्यात बांधा. ८५ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर ते पोतं बियाण्यालाही चांगलं. ७०च्या खाली आले तर त्यातलं बी पेरताना प्रमाण वाढवा, आणि साठवण कुठे चुकली ते शोधा. दर आठवड्याला फुकटात उगवणचाचणी, आणि तारखेसह वहीत नोंद.

नाचणी विकत असाल तर पीठ दळून ठेवू नका, दाणा ठेवा आणि मागणीप्रमाणे दळा. गहू दळलेल्या चक्कीत पहिलं अर्धा किलो पीठ वेगळं काढा, त्यात गहू असतो. ज्यांना गहू चालत नाही अशांसाठी हे जिवावरचं आहे, त्यांना मात्र एवढ्यावर विसंबून पीठ देऊ नका. वरीचं दुखणं वेगळं: टरफल काढणारं यंत्र जवळपास नाही म्हणून शेतकरी वरी सोडून देतो. तुमच्या गटाला एखाद्या वस्तूवर पैसे घालायचे असतील तर ते त्या यंत्रावर घाला, छापील पिशव्यांवर नको.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: मका नाही, बी मागवायचं नाही. शेजारच्या तीन खाचरांशी सप्टेंबरात बोलणं, पुढच्या जूनला अर्ध्यात हळवा भात. एकच शंका. या वर्षी भात गरवाच आहे. नोव्हेंबरअखेर वाल टोकावा की वर्ष जाऊ द्यावं?

वाफसा

सगळ्या एकरात नको. खाचराची खालची बाजू, जिथे भात सगळ्यात शेवटी वाळतो आणि बांधाच्या कडेला पाणी झिरपतं, तिथले चार-पाच गुंठे निवडा. ओल तिथे आठ-दहा दिवस जास्त राहते. कापणीच्या दिवशीच मातीचा गोळा टाकून बघा. तुकडे झाले तर नांगरट न करता धसकटांच्या दोन ओळींमध्ये सरळ टोकण करा, धसकटं राहू द्या. अंतर ३०ऐवजी ४५ सेंटिमीटर, एका जागी एकच रोप राखा. ओल कमी आहे, तेव्हा झाडंही कमी. शेंगा विकायला काढू नका, चार-पाच गुंठ्यांतला सगळा वाल बियाण्याला ठेवा, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात शेजाऱ्यांकडे जाताना हातात द्यायला काहीतरी असेल.

बांधावरून

आणि त्या चार-पाच गुंठ्यांना काटेरी कुंपण त्याच दिवशी. टोकण झाल्यावर दुसऱ्या दिवशी नको.